घाटात गाडी मिसिंग मारते : इग्निशन कॉइल खरंच गेली आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

रानवाट | ६ जुलै, रात्री ९.१२

गाडी २०१६ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. दर शनिवारी पुणे ते सातारा, आई-बाबांकडे. तीन आठवड्यांपूर्वी खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला गाडी एकदम अडखळली, ज्याला मिसिंग म्हणतात तशी. पाय दाबला की धडधडायची, सैल सोडला की ठीक. चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर पेटून राहिला. माथ्यावर थांबून बॉनेट उघडलं, तर आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत पाय सोडलेला असताना, इंजिन अगदी गुळगुळीत.

गॅरेजमध्ये चारही प्लग नवे टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली, दिवा घालवला. पुढच्या शनिवारी त्याच वळणावर तेच. आता म्हणतात प्लगला ठिणगीचे व्होल्ट देणाऱ्या चारही इग्निशन कॉइल बदला, ९,२०० रुपये. त्यानेही नाही गेलं तर वायरिंग, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. "बदलून बघू" हे मी आत्तापर्यंत तीनदा ऐकलं. पैसे द्यायला माझी ना नाही, पण काय बिघडलंय ते कळल्यावर. कॉइल गेली आहे हे नक्की कसं ओळखतात? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आणि पान्यांचा सेट आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे.

रहाटगाडगं | ६ जुलै, रात्री १०.०५

ताई, आधी एक काम करा. दिवा लुकलुकत असेल तेव्हा घाट चढू नका, पाय काढा आणि बाजूला घ्या. स्थिर दिवा म्हणजे "दाखवून घ्या". लुकलुकता दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल आत्ता, या क्षणी सायलेन्सरच्या वाटेवर जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं, आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळते. कन्व्हर्टरचा खर्च चार कॉइलच्या कितीतरी पुढे जातो.

दुसरं, गॅरेजने दिवा घालवण्याआधी ईसीएममधला बिघाडाचा कोड लिहून घेतला होता का? प्लग बदलण्याआधी विचारायचा प्रश्न तो होता. २०१६ ची गाडी आहे म्हणजे स्टिअरिंगखाली डॅशबोर्डला सोळा पिनांचं ओबीडीचं (बिघाडाचे कोड वाचायचं) सॉकेट असणारच. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो, मोबाइलवर अॅप टाकून कोड वाचता येतो. कुणाचा उसना मिळाला तरी चालेल. कोड हाती येईपर्यंत एकही पार्ट घेऊ नका.

डोंगरमाथा | ७ जुलै, सकाळी ७.४८

पावसाळा आहे, पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावर भरून बघा. माझ्या गाडीला त्यानेच फरक पडला होता.

रहाटगाडगं | ७ जुलै, सकाळी ९.२०

पेट्रोल खराब असेल तर ते चारही सिलिंडरला सारखंच जातं, आणि आयडलिंगलाही त्रास दिसतो. शिवाय तीन आठवड्यांत यांनी चार-पाच वेळा तरी टाकी भरली असेल. एकाच सिलिंडरचा कोड आला तर पेट्रोलचा संशय तिथेच मिटेल. म्हणून आधी कोड.

रानवाट | ८ जुलै, रात्री ८.३०

ऑफिसातल्या मैत्रिणीचा स्कॅनर मिळाला. कोड पी०३०२, एकच. अॅपमध्ये "फ्रीझ फ्रेम" म्हणून एक पान आहे. कोड पडला त्या क्षणी इंजिन २,६४० आरपीएमवर, लोड ८४ टक्के, कूलंट ९३ अंश. पी०३५२ असा काही कोड नाही. कॉइलचा कोड तोच असतो असं वाचलं, मग कॉइल ठीक आहे असं समजायचं का?

तारांगण | ८ जुलै, रात्री ९.१५

नाही, तसं समजू नका. इथे भल्याभल्यांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी०३०२ चा अर्थ एवढाच : दुसऱ्या सिलिंडरचा जोर पोचला नाही. ईसीएम ठिणगी बघत नाही, चारही पिस्टन मिळून फिरवतात त्या क्रँकशाफ्टचा वेग बघतो. पालखी चौघांच्या खांद्यावर असते, एकाचा पाय अडखळला की पालखी किती आणि केव्हा हलली यावरून कोण अडखळला ते कळतं, का अडखळला ते कळत नाही. ठिणगी पडली नाही, इंजेक्टरने पेट्रोल दिलं नाही किंवा व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेशन निसटलं, तिन्हींना कोड हाच.

पी०३५२ वेगळा. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. ईसीएम कॉइलच्या प्रायमरीचा सर्किट तपासतो, तिथे तार तुटली, कपलर (वायरीचा जोड) सुटला किंवा प्रायमरी उडाली की तो येतो. पण बिचारी कॉइल बहुतेक वेळा आजारी पडते ती सेकंडरीच्या बाजूला, इन्सुलेशनमध्ये. ते ईसीएमला दिसत नाही.

आता तुमच्या गाडीला घाटच का लागतो ते बघा. कॉइल म्हणजे ट्रान्सफॉर्मर. प्रायमरीत दोन-चार मिलिसेकंद करंट भरतो, तो तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात, चांगली कॉइल तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते. पण ती नेहमी तेवढे देत नाही. प्लगच्या फटीतून उडी मारायला जेवढे लागतील तेवढेच चढतात. आयडलिंगला सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, आठ-दहा हजारांत काम होतं. घाटात थ्रॉटल उघडा, आत दाब भरपूर, म्हणून वीस हजार आणि त्याहून जास्त लागतात. वाटेत कुठे इन्सुलेशन कच्चं असेल तर ठिणगीला प्लगच्या फटीपेक्षा ती वाट सोपी पडते. ३,००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्यातल्या पाच-सात चुकल्या तरी गाडी अशीच अडखळते.

तुमचा ८४ टक्के लोड आणि गुळगुळीत आयडलिंग दोन्ही इग्निशनकडे बोट दाखवतात. कॉम्प्रेशन गेलं असतं तर आयडलिंगलाही थरथर जाणवली असती.

रहाटगाडगं | ८ जुलै, रात्री १०.४०

आता अदलाबदल. यावर माझा पूर्ण भरवसा आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर, चौथ्याची दुसऱ्यावर. प्लग आणि इंजेक्टर जागेवरच राहू देत, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कोड पुसा, आणि जिथे गाडी अडखळते तसाच चढ चढा. पी०३०४ आला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन.

इंजिन गार असताना करा, रात्रभर उभं राहिलेलं उत्तम. कोणता सिलिंडर पहिला ते मॅन्युअलमध्ये बघा. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूचा पहिला, पण गृहीत धरू नका. आधी कपलर काढायचा : लॉक दाबून, तार ओढून नव्हे. आठ-दहा वर्षांत ते प्लास्टिक कडक होतं आणि लॉक तुटतो. मग दहा नंबरच्या गोटी पान्याने बोल्ट काढा. कॉइल सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे पाव फेरा फिरवा, कॉइलच्या खालच्या टोकाचं रबर बूट प्लगला चिकटलेलं असतं. कोड स्कॅनरनेच पुसा. बॅटरी काढलीत तर ईसीएमने शिकलेलं सगळं जातं आणि दोन दिवस आयडलिंगच वेगळं वाटतं, तपासात घोळ होतो.

बाहेर काढल्यावर विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, टॉर्च मारून बघा आणि बूट उलटंसुलटं करून बघा. फोटो टाका.

मीटरवाला | ९ जुलै, सकाळी ८.१०

एवढा घाट चढण्यापेक्षा मल्टिमीटरने ओहम मोजले तर? प्रायमरी एखाद-दुसरा ओहम, सेकंडरी काही किलोओहम असं असतं ना?

तारांगण | ९ जुलै, सकाळी ९.३२

दोन पिनांची कॉइल असेल तर जरूर मोजा, चारही मोजून एकमेकींशी ताडून बघा. एक वेगळी निघाली तर ती गेली. पण तीन किंवा चार पिनांच्या कॉइलच्या पोटात ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. तिथे प्रायमरीचा आकडा मिळतो त्याला काही अर्थ नसतो.

आणि चांगला आकडा आला म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. मीटर स्वतःच्या छोट्या सेलवर, फार तर दोन-चार व्होल्टवर मोजतो, तेही गार कॉइल. ज्या भेगेतून वीस हजार व्होल्ट निसटतात ती भेग त्या दोन व्होल्टना भिंतच वाटते. माझ्या स्वतःच्या गाडीची कॉइल टेबलावर अगदी छान आकडा दाखवायची. पाऊण तास चालवून, इंजिन बंद करून लगेच गरम गरम काढून मोजली तेव्हा सेकंडरीचं सर्किट उघडं निघालं. गार झाली की परत जुळायची. तापल्यावर तार फुगून सुटत होती.

मीटर वापरायचाच तर कपलरवर वापरा. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढलेला : एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट यायलाच हवेत. तीन-चार पिनांचा असेल तर अर्थिंगही तपासा. ट्रिगरच्या पिनला (ईसीएम जिथून ठिणगीचा इशारा देतो ती) जुना बल्बवाला टेस्टर लावू नका, तो फार करंट खेचतो. ईसीएममधला तो इशारा देणारा भाग जायचा.

चिपळूणकरीण | ९ जुलै, दुपारी १.०५

कपलरवरून माझा अनुभव. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या अंगणात गाडीच्या बॉनेटपर्यंत पाणी होतं. ऑइल, फिल्टर, प्लग, सगळं बदलून गाडी सुरू झाली आणि तीन महिने चांगली चालली. मग दिवाळीत मिसिंग. दोन गॅरेजनी कॉइल बदलली, फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमननी कपलर उघडून भिंगाखाली धरला. आतली एक पिन हिरवी पडली होती, खाऱ्या-गोड्या पाण्याने पितळ खाल्लेलं. वरून कपलर नव्यासारखा दिसत होता. नवी पिन, काम संपलं. इंजिन आयडलिंगला ठेवून प्रत्येक कपलर बोटाने हळूच हलवून बघा, कुठे इंजिन दचकलं तर तिथेच थांबा.

आणि हात जोडून सांगते, चालू इंजिनवर कॉइल उपटून ठिणगी बघू नका. आमच्याकडे एकाने ते केलं आणि त्याचा हात दोन दिवस बधिर होता. कॉइलची ठिणगी प्लग सापडला नाही की जवळचा माणूस शोधते. कॉइलही जाते, कधी ईसीएमही.

गॅसवरची_गाडी | ९ जुलै, रात्री ९.५०

या धाग्याला सीएनजीवाल्यांसाठी एक जोड. गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे कॉइल किंवा प्लग थकायला लागले की आधी सीएनजीवर धक्के बसतात आणि पेट्रोलवर गाडी सुरळीत. लोक गॅसकिटच्या मागे लागतात, रेग्युलेटर बदलतात. मी पण बदलला. प्लगचा गॅप मोजला तर घासून घासून १.३ मिलिमीटर झाला होता, कंपनीचा ०.८. गॅप वाढला की कॉइलला प्रत्येक ठिणगीला जादा जोर लावावा लागतो, आणि मग एक दिवस तीही जाते. नवी कॉइल टाकायची तर गॅप बघूनच टाका.

रानवाट | १२ जुलै, सायंकाळी ६.४०

काल रात्री साताऱ्याला पोचले, गाडी सावकाश आणली. आज सकाळी अंगणात बाबांना घेऊन बसले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत, डिझेल इंजिनांवर गेली. तिथे प्लगच नाही, त्यामुळे कॉइल त्यांनाही नवी. पण पाना हातात घेतल्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली : काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या कॉइलशेजारीच ठेव, वाटीत एकत्र टाकू नकोस.

पहिली, तिसरी, चौथी विहीर कोरडी. दुसऱ्या विहिरीत टॉर्च मारला तर तळाशी काळं ऑइल चमकत होतं, प्लगचा षटकोनी भाग अर्धा बुडालेला. त्या कॉइलचं बूट हाताला बुळबुळीत लागलं, टोकाशी फुगून मऊ झालेलं, बाकीच्या तीन बुटांच्या मानाने चक्क रुंद. रबराच्या आतल्या बाजूला वरून खाली एक राखाडी रेघ. बाबांनी जुन्या बनियनची पट्टी स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून विहिरीतलं सगळं ऑइल टिपून घेतलं, मगच प्लग काढू दिला, नाहीतर ते सिलिंडरमध्ये पडलं असतं. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे. नखाने जात नाही. हा प्लग तीन आठवड्यांपूर्वीचा नवा आहे! फोटो टाकला आहे.

अदलाबदल केली आहे, गाडी अजून चढावर नेलेली नाही.

रहाटगाडगं | १२ जुलै, सायंकाळी ७.०५

ती रेघच तुमचा बिघाड आहे. ठिणगी प्लगच्या टोकाशी न जाता त्या रेघेवरून खाली उतरून हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या धातूच्या भागाला, जात होती. दर ठिणगीला कार्बन जमतो आणि वाट आणखी पक्की होते. ही रेघ प्लगवरून बुटाला आणि बुटावरून प्लगला लागते. रेघेचं बूट नव्या प्लगवर चढवलं की नवा प्लगही डागतो. तुमचे नवे प्लग का उपयोगी पडले नाहीत ते त्यात आलं.

दुसऱ्यात त्याच नंबरचा नवा प्लग टाका, नाहीतर दोन दोष एकत्र येतील आणि काहीच कळणार नाही. हाताने चुडी बसवा, टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, जोर नको. मग चढावर न्या.

रानवाट | १३ जुलै, सकाळी १०.२०

नवा प्लग टाकून सकाळी सहाला यवतेश्वरचा घाट चढले. धुकं आणि पाऊस होता, रस्ता मोकळा. तिसऱ्या वळणावर तीच धडधड. पाय लगेच काढला. कोड पी०३०४. दुसरा सिलिंडर शांत.

म्हणजे कॉइल गेली. एकच घेऊ ना?

तारांगण | १३ जुलै, सकाळी ११.००

अजून थांबा, ताई. तुम्ही दुसऱ्यावरून चौथ्यावर काय नेलं? कॉइल आणि तिचं बूट, दोन्ही. दोष त्या दोघांपैकी कुणाचा हे अजून कळलेलं नाही. बऱ्याच कॉइलचं बूट आतल्या स्प्रिंगसकट खाली ओढून निघतं आणि सुटं मिळतं. तेवढं नवं आणा. त्याच संशयित कॉइलला लावा, चौथ्यावरच राहू द्या. चौथ्याचा प्लगही काढून बघा, रेघ उमटायला लागली असेल. बूट चढवताना आत तोंडाशी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. परत घाट. आता अडखळली तर कॉइल, नाही अडखळली तर रबर.

रानवाट | १९ जुलै, रात्री ८.१५

बूट पुण्यात एका दुकानात मिळालं, १८० रुपये. चौथ्याच्या प्लगवर खरोखर केसाएवढी रेघ सुरू झाली होती, तोही बदलला. काल खंबाटकी चढले, मुद्दाम तिसऱ्या गिअरला, पाय दाबून. आज यवतेश्वर दोनदा. एकदाही अडखळली नाही. स्कॅनरमध्ये मिसफायर मोजणारा आकडा असतो तो चारही सिलिंडरला शून्य. कॉइल तीच जुनी आहे.

रहाटगाडगं | १९ जुलै, रात्री ८.५०

फार आनंद झाला. आता ऑइल विहिरीत आलं कुठून ते बुजवा, नाहीतर सहा महिन्यांत हेच रबर परत फुगेल. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळीभोवतीची सील, दोन्ही एकदमच बदला. फक्त बाहेरचं पॅकिंग बदलून कव्हर बंद करतात आणि आतली सील जुनीच राहते, असं फार होतं. सांगून ठेवा.

तारांगण | १९ जुलै, रात्री ९.३०

त्या कॉइलवर मार्करने खूण करून ठेवा. तिने महिनाभर चुकीच्या वाटेने ठिणगी सोडली आहे, आतल्या इन्सुलेशनला ताण पडलेला असू शकतो. पुढे कधी पी०३०४ आलाच तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा, आणि तेव्हा एकच कॉइल घ्यायची.

माळावरचा | २१ जुलै, सकाळी ७.३०

धागा वाचून काल माझीही गाडी तपासली. माझी जुनी आहे, प्लगवर कॉइल नाही, एकच डबा आणि त्यातून चार वायरी. कोड पी०३०१ आणि पी०३०४ दोन्ही एकदम. दोन सिलिंडर एकाच वेळी कसे जातील?

तारांगण | २१ जुलै, सकाळी ९.१०

तुमच्या डब्यात दोन कॉइल आहेत. एक १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. १ चा पिस्टन कॉम्प्रेशनला वर असतो तेव्हा ४ चा एक्झॉस्टला वर असतो, कॉइल दोन्हीकडे एकदम ठिणगी पाडते. म्हणून जोडी एकत्र गेली की संशय पहिला त्या कॉइलवर, मग तिच्या कपलरवर. एकच सिलिंडर जात असता तर वायर किंवा प्लग म्हटलं असतं. तुमच्याकडे अदलाबदल होत नाही. पण अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात न लावता लांबून वायरींकडे बघा. कुठे निळी ठिणगी नाचताना दिसली तर इन्सुलेशन तिथे फुटलं आहे.

रानवाट | २६ जुलै, दुपारी ४.५५

पॅकिंग आणि चारही सील बदलून घेतल्या, त्याच गॅरेजमध्ये. जुनं बूट आणि रेघेचा प्लग सोबत नेला होता. मिस्त्रींनी बूट उभं चिरून आतली रेघ बघितली, बराच वेळ प्लगच्या रेघेशी जुळवून बघत होते. मग शेजारच्या गाडीची, मिसिंगसाठीच आलेली, कॉइल त्यांनी माझ्यासमोर काढली आणि आधी विहिरीत टॉर्च मारला.

काल सातारला येताना खंबाटकीत चौथ्या गिअरनेच वर आले. बाबा अंगणात वाट बघत उभे होते, त्यांनी आधी स्कॅनर मागितला.